टेकवलेली पट्टी

नववीत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर 'चाल' आणि 'वेग' हे शब्द शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा एकाच गोष्टीला दोन नावं देऊन मुलांना छळायचा हा प्रकार असावा असं मला वाटलं. त्याच तासाला वर्गातल्या सर्वांत चपळ मुलाला मैदानाची 400 मीटरची फेरी मारायला लावली. 80 सेकंद लागले. चाल सेकंदाला 5 मीटर. आणि सरासरी वेग? "शून्य. निघाला तिथंच आला ना? विस्थापनच नाही." धापा टाकणाऱ्या त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

हे पटलं. माझं घोडं पेंड खायला लागलं ते तात्कालिक वेगापाशी, म्हणजे नेमक्या एका क्षणाच्या वेगापाशी. क्षणाला लांबीच नसेल, तर त्या क्षणात अंतर कापणार कसं? सरांनी उत्तर दिलं नाही, स्टॉपवॉच दिलं.

100 मीटरच्या सरळ पट्ट्यावर दर 10 मीटरला फक्कीची रेघ, प्रत्येक रेघेवर एक जण. (धावण्यात मी ढ, म्हणून वेळ घेणाऱ्यांत.) शिट्टीला सगळ्यांनी घड्याळ सुरू करायचं, आपापल्या रेघेवर थांबवायचं. मधल्या एका टप्प्याला 1.4 सेकंद आले. पण अंगठ्यांची चूक सहज 0.2 सेकंदांची. म्हणजे वेग 6.25 म्हणा की 8.3, भांडायला जागाच नाही. मी म्हटलं, टप्पा आखूड करू, क्षणाच्या जवळ जाऊ. एक मीटरवर आलो, तर बटण दाबेपर्यंत पोरगा पुढे गेलेला! जितकं जवळ जावं तितकी चूकच मोठी.

मग आलेख कागदावर सगळ्या वेळा मांडल्या (आडवी वेळ, उभं अंतर; म्हणजे रेघेचा चढ हाच वेग), बिंदूंमधून हलक्या हातानं वक्र काढला. सरांनी त्यावर पट्टी आणली आणि एका बिंदूपाशी नुसती टेकवली. "हा चढ मोज." सुरुवातीपाशी पट्टी जवळजवळ आडवी, पुढे उभी होत गेलेली. दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे सरासरी, टेकलेली पट्टी म्हणजे तो क्षण. माझ्या प्रश्नाचं उत्तर घड्याळात नव्हतंच.

2009 साली बर्लिनला उसेन बोल्टनं 100 मीटर 9.58 सेकंदांत कापले. सरासरी 10.44. पुढे टप्प्यांच्या वेळा वाचनात आल्या : 60 ते 80 मीटर, 1.61 सेकंद. म्हणजे 12.4. पण हीसुद्धा 20 मीटरची सरासरीच की! मी आलेख कागद शोधायला उठलो.