टायरॉड एंड घरीच बदलला, कुंभार्ली घाटात जायच्या आधी

खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी गाडी धुवायला काढली. चिपळूणचा पाऊस म्हणजे चार महिने मडगार्डच्या आत लाल चिखल थापून बसलेला असतो आणि तो पूजेच्या आधी निघालाच पाहिजे असा आमच्या घरचा नियम, म्हणून पुढची चाकं पूर्ण वळवून आत पाइप मारत होतो तर डाव्या चाकामागं टायरॉड एंडचा रबरी बूट फाटलेला दिसला. नुसता चिरलेला नाही, अर्धा उघडाच, आणि आत ग्रीसच्या जागी गंजाच्या रंगाचा गाळ.

तेव्हा कळलं की दोन महिने खड्ड्यातनं जाताना पायाखाली जी टकटक येत होती ती कुठली. मी सस्पेन्शनला दोष देत बसलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टीअरिंग फिरवलं की रॅक, म्हणजे पुढच्या चाकांमधली आडवी दांडी, डावीउजवीकडं सरकतो, रॅकच्या टोकाला रॉड, आणि त्या रॉडच्या टोकाला हा छोटा जॉइंट म्हणजे टायरॉड एंड, वाटीत बसवलेली गोळी म्हणा, जो चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या लोखंडी भागाला) जोडलेला असतो. चाक वरखाली होतं, वळतं, तरी जोड सुटत नाही तो या गोळीमुळं. बूट फाटला की पाणी न चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं, गोळी वाटीला घासत राहते आणि सैल होते. आणि एके दिवशी गोळी वाटीतनं बाहेर आली तर ते चाक स्टीअरिंगचं ऐकत नाही, ते हवं तिकडं वळतं. आम्हाला गुरुवारी आईच्या डोळ्यांच्या तपासणीला कराडला जायचं होतं, म्हणजे कुंभार्ली घाट. हा विचार डोक्यात आल्यावर मग पुढं ढकलायचा प्रश्नच नव्हता.

आधी खात्री केली. चाक उचलून घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी दोन्ही हात ठेवून हलवलं, खट्‌खट्‌ लागलं. १२ आणि ६ ला धरून हलवलं तर काही नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. मग चाक खाली टेकवून आईला स्टीअरिंगवर बसवलं, इंजिन बंद. ती कधी गाडी चालवत नाही पण मी खालून सांगितलं, "आई, डावीकडं जरासं, आता उजवीकडं, एवढंच," आणि जॉइंटवर बोटं ठेवली. प्रत्येक वेळी चाक वळायच्या आधी बोटाखाली एक बारीक ठोका लागत होता. उजव्या बाजूला तो ठोका नव्हता, पण रबर तिकडचंही कडक झालेलं, म्हणून जोडीच आणली. दोन्ही मिळून ७८० रुपये.

आमचं अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचं, पावसानं भिजलेलं, त्यावर जॅक सरळ ठेवला तर रुतायची भीती. आईच म्हणाली, "आधी खाली फळी टाक, आणि नुसत्या जॅकवर ठेवून तू हात घालायचा नाहीस." फळी टाकली, मागच्या चाकांना लाकडाच्या पाचरी लावल्या, चाक काढलं आणि चेसिसखाली स्टँड लावला.

सगळ्यात आधी लॉकनट (एंड रॉडवर पक्का धरणारा नट) जरासा सैल केला, कारण एंड चाकाला घट्ट असतानाच तो सुटतो, नंतर सगळंच फिरायला लागतं. मग आट्यांवर व्हाइटनरची खूण केली. नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली स्प्लिट पिन गंजून तुटली, तिचा तुकडा पक्कडनं ओढून काढला. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) पूर्ण काढला नाही, दोन आटे धरून ठेवला, म्हणजे जॉइंट सुटला तर एकदम खाली आदळत नाही. स्टड, म्हणजे गोळीचा दांडा, टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) एवढा चावून बसलेला असतो की नट काढल्यावरही हलत नाही. लोक स्टडच्या टोकावर हातोडा घालतात, आटे चेपतात. खरं म्हणजे घाव घालायचा तो नकलच्या ज्या डोळ्यात स्टड बसलाय त्याच्या कडेला. एका बाजूला जड हातोडा टेकवून धरला, समोरनं दुसऱ्या हातोड्यानं मारला, चौथ्या घावाला टक्‌ करून सुटला. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

जुना एंड उघडताना फेरे मोजले, साडेसतरा. नवा तेवढेच फेरे लावला. एका आट्यात मिलीमीटर-दीड मिलीमीटरचा फरक, पण चाकाच्या कडेला तो साधारण दुप्पट होऊन दिसतो आणि टायर तिथंच खातं. जुना न नवा हातात धरून बघितले. नव्याचा स्टड अंगठ्यानं दाबूनही जेमतेम हलतो, जुन्याचा हात सोडला की आपल्या वजनानं लोळतो.

बसवताना एक अडचण आली, नट आवळायला गेलं की स्टडच सोबत फिरायचा. पहारीनं एंडवर दाब देऊन टेपर बसवला तेव्हा धरला. कॅसल नटाची खाच पिनच्या भोकासमोर आली नाही तर थोडं अजून आवळायचं, मागं कधीच घ्यायचं नाही, आणि पिन नवीनच घालायची. उजवी बाजू याच पद्धतीनं अर्ध्या तासात झाली.

संध्याकाळी गवंड्याचं सूत दोन्ही बाजूंना मागच्या चाकापासनं पुढं ताणून चाकं सरळ आहेत का बघितलं, पण ते फक्त अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवायच्या) दुकानापर्यंत जाण्यापुरतं. सोमवारी सकाळी बहादूरशेख नाक्यापर्यंत हळू जाऊन आलो, स्टीअरिंग किंचित डावीकडं धरावं लागत होतं, मग अलाइनमेंट करून घेतली. एक मनापासनं सांगतो, मे महिन्यातही मी एका ठिकाणी अलाइनमेंट केली होती आणि तिथं कोणी चाक हलवून बघितलंच नव्हतं. जॉइंट सैल असताना मशीनवरचे आकडे गाडी रस्त्यावर आली की बदलतात. माझ्या डाव्या टायरची आतली कड त्यातच गेली, हात फिरवला तर करवतीसारखी लागते. तुम्ही पैसे भरायच्या आधी त्यांना चाक हलवून दाखवायला सांगा.

गुरुवारी आईला घेऊन घाटातनं कराडला जाऊन आलो. टकटक नाही, वळणावर स्टीअरिंग जिथं ठेवलं तिथं. घरी आल्यावर लॉकनटाला पाना लावून बघितला, हलला नव्हता. आता लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश बघायचेत, उजवीकडचं रबर चिरायला लागलंय.