रात्रभर ठणकणारी दाढ

पंचवटीत माझा दवाखाना आहे, त्यामुळे आसपासच्या शाळांतून दंततपासणीसाठी बोलावणं येत असतं. पेठ रोडकडच्या एका प्राथमिक शाळेत गेलो होतो. तिसरीची रांग लागली, तेव्हा बाई एका मुलीकडे बघून म्हणाल्या, "हिचं काही खरं नाही डॉक्टर. वर्गात नुसती पेंगते. वाचायला उभी केली की तोंडच उघडत नाही."

माझ्यासमोरही उघडेना. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर उघडलं. उजवीकडचे दात बऱ्यापैकी स्वच्छ, डावीकडे मात्र वरखाली पिवळट थर. मूल ज्या बाजूने चावत नाही, तिथे अन्न घासलं जात नाही आणि कीट साचत जातं. खालची दुधाची दाढ अर्धी किडून गेलेली, हिरडी टम्म सुजलेली. तिच्या मागची कायमची दाढही खाचांतून काळी पडू लागली होती.

"रात्री दुखतं का गं?"

"आडवं झालं की ठणकतं. मग मी भिंतीला टेकून बसते."

आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेतली सुजलेली नस जास्त ठणकते. आठ वर्षांच्या पोरीने त्यावरचा उपाय स्वतःच शोधला होता. आणि रात्र अशी बसून काढणारं मूल वर्गात पेंगणार नाही तर काय करणार? 'ढ' हा शिक्का तिच्यावर कधीच बसला होता, याचा मला फार राग आला.

आईवडील दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामावर, म्हणून दवाखान्यात आजी आली. "दुधाचाच दात ना, पडंल आपोआप. लईच दुखलं तर मिसरी लावून देते."

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. आजींना शेजारी बसवून आधी ते समजावलं. मग दाढेचं. ही दुधाची दाढ पडते दहाव्या ते बाराव्या वर्षी, म्हणजे पोरीने अजून दोन-चार वर्षं हे सोसायचं? आणि मागची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, कुठलाही दात न पाडता, म्हणून घरोघरी तीही दुधाचीच समजली जाते. ती गेली की पुन्हा येत नाही. "आगं बाई," एवढंच आजी म्हणाल्या आणि नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुधाची दाढ काढावी लागली. मागचीत सिमेंट भरलं. खालून येणाऱ्या दाताची जागा राहावी म्हणून पुढे तार बसवली.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दातदुखीमुळे शाळा बुडालेली मुलं अभ्यासातही मागे दिसली. पण नेहमीच्या दंततपासणीसाठी शाळा बुडाली, तर तसा परिणाम दिसला नाही. दात दाखवायला शाळा बुडवावी का, असं विचारणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो.

पुढे बाईंचा फोन आला. मुलगी जोडाक्षरांना अजून अडखळते, पण मोठ्याने वाचते. पोषण आहारातली मटकी आता बाजूला काढत नाही. वाचनात मागे असलेल्या बाकीच्या मुलांनाही एकदा बघाल का, असं त्यांनी विचारलं. त्या मुलांसाठी तपासणीच्या कागदावर मी दोन प्रश्न वाढवलेत: कोणत्या बाजूने चावतोस, आणि रात्री झोप लागते का?