ग्वाल्हेरच्या धुक्यातली सायकल: हिवाळी नोंदी

मार्ग लष्कर ते मुरार, फूलबाग आणि पडाव पुलावरून. सायकल साधी: ७०० बाय ३५ टायर (म्हणजे ३५ मिमी रुंद), अॅल्युमिनियमचे रिम, व्ही-ब्रेक, दोन्ही मडगार्ड, मागे कॅरियर. बर्फ आपल्याकडे पडत नाही, तेव्हा खिळ्यांच्या टायरचा विषय मिटला. थंडी कपड्यांनी भागते. पैसे आणि डोकं खर्च करायचं ते धुक्यासाठी.

नोव्हेंबर अखेर: हवा

दुपारी ३० अंशांत भरलेली ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पहाटे ५ अंशांवर ५४ च्या आसपास उतरते. ट्यूब शाबूत असते, पंक्चरवाल्याला बोल लावू नये. हवा सकाळी, निघण्याआधी मोजायची. सत्तरेक किलोच्या स्वाराला ३५ च्या टायरवर मागे ५५, पुढे ४५ पुरे. दवाने ओल्या डांबरावर याहून टणक टायर वळणावर घसरतो.

डिसेंबर: दिवे

हवामान खात्याच्या हिशेबात ५० मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की ते अतिदाट धुकं. ताशी २० च्या वेगातली सायकल ओल्या रस्त्यावरही दहा-बारा मीटरांत थांबते, त्यामुळे पुढची बाजू सांभाळता येते. धोका मागून. पडाव पुलाच्या चढावर सायकल जवळजवळ चालण्याच्या वेगाला येते, आणि मागून ५० ने येणाऱ्या चालकाला ती दिसल्यापासून जेमतेम चार सेकंद मिळतात.

म्हणून मागे दोन दिवे. एक सीटखाली, स्थिर जळणारा. दुसरा कॅरियरच्या टोकाला, लुकलुकणारा. लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण नुसत्या त्याच्यावरून अंतराचा अंदाज येत नाही, तो स्थिर दिव्यावरून येतो. दोन्ही जमिनीला समांतर हवेत. कॅरियरवर डब्याची पिशवी ठेवली की सीटखालचा दिवा झाकला जातो. सायकल उभी करून, दहा पावलं मागे जाऊन एकदा बघावं. निम्म्या सायकलींत इथेच चूक सापडते.

रिफ्लेक्टर टेप मडगार्डवर आणि पेडलच्या दोन्ही कडांना लावली आहे. वरखाली हलणारी पट्टी चटकन कळते. पण फक्त टेपवर भिस्त नको: गाडीचा उजेड धुक्यातून टेपपर्यंत जाऊन पुन्हा धुक्यातूनच परततो, दोनदा गाळला जातो.

पुढचा दिवा हँडलवरून काढून फोर्कवर, चाकाच्या आसाजवळ आणला. डोळ्यांजवळचा झोत थेंबांवर आपटून पांढरी भिंत उभी करतो. झोत सहा-आठ मीटरवर रस्त्याला टेकेल इतका खाली झुकवावा. हेल्मेटवरची बॅटरी धुक्यात बंदच ठेवावी.

‘उजाडल्यावर निघू’ हा हिशेब इथे फसतो. धुकं बरेचदा सूर्योदयाच्या सुमारास, कधी त्यानंतर थोडा वेळ, सर्वांत दाट असतं. पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेचा, पाऊस होऊन आकाश निवळलं आणि वारा पडला, की पुढच्या सकाळी धुकं धरूनच चालावं.

डिसेंबर अखेर: ब्रेक आणि चेन

धुक्याचं पाणी आणि आपली प्रसिद्ध धूळ मिळून रिमवर करडी लुगदी बसते. त्यातली खर ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिम कोरते. आठवड्यातून एकदा रिम ओल्या फडक्याने पुसून, रबरातले चमकणारे कण सुईने काढून, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर घासला की कर्रकर्र थांबते. ओल्या रिमवर पहिला दाब पाणी पुसण्यातच जातो, म्हणून चौकाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका धरून ठेवायचा. जुन्या काळ्या सायकलींचे क्रोमचे लोखंडी रिम ओले झाले की रॉड-ब्रेक जवळपास शोभेचेच. ती सायकल वापरणाऱ्यांनी अंतर दुप्पट धरावं.

चेनला इंजिन ऑइल घातलं तर धूळ चिकटते, सरसोंचं तेल चिकट होऊन घट्ट बसतं, शिवणयंत्राचं तेल दोन दिवसांत उडून जातं. सायकलचं चेन ऑइल, प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं मुरू देऊन बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. घरी पोचल्यावर आधी कोरडं फडकं फिरवलं तर गंज धरत नाही.

जानेवारी: कपडे

५ अंशांत २० च्या वेगाने जाताना अंगाला साधारण १ अंशासारखं लागतं. आत सुती बनियन नको. घामाने भिजतो आणि थांबलं की गार पडतो. पॉलिस्टरचा टी-शर्ट, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. छातीशी वर्तमानपत्राची घडी आजही तितकीच कामाची. निघताना थोडी हुडहुडी भरायलाच हवी, नाहीतर फूलबागेपर्यंत घाम फुटतो. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो. आत पातळ रबरी मोजे चालतात. मफलर नाकावर बांधला की चष्म्यावर वाफ धरते, आणि त्याची टोकं जॅकेटच्या आत हवीत.

उरलेली कामं: ग्वाल्हेरचा हिवाळी व्यापार मेळा सुरू झाल्यापासून संध्याकाळी रेसकोर्स रोडची गर्दी वाढते, त्या बाजूने जाणाऱ्यांनी परतीचा रस्ता बदलावा. मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) ओल शिरली आहे, चाक फिरवलं की खरखर येते. फेब्रुवारीत हब उघडून छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) आणि ग्रीस बदलायचं.