तुम्ही विचारलंत म्हणून: पत्ता सेटलमेंटचाच का?

तुम्ही हा प्रश्न चांगल्या मनानं विचारता, हे मला माहीत आहे. आमची वस्ती म्हणजे सोलापूरची सेटलमेंट, इंग्रजांनी जन्मानंच 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथं कुंपणात ठेवलं होतं ती. शाळेतल्या सहकारी विचारतात, नणंद विचारते, परवा आधार कार्डाचा फॉर्म भरणाऱ्या मुलानंही विचारलं, "मॅडम, पत्त्यात सेटलमेंट कशाला? स्टेशनजवळ एवढंच टाका की." चांगली नोकरी आहे, दुसरीकडे फ्लॅट घेणं जमेल, मग हा हट्ट का? आणि पाठोपाठ ते वाक्य येतंच, "तुम्ही तर त्यातल्या वाटतच नाही." रंग उजळ, बोलणं शाळेचं, म्हणून मी त्यातली वाटत नाही. हे कौतुक म्हणून सांगितलं जातं. ज्या माझ्यासारख्या दिसत नाहीत, त्या माझ्या मावशीच्या मुलींबद्दल त्यात काय ठरवून टाकलेलं असतं, याचा विचार बोलणारा करत नाही.

सेटलमेंटमध्ये काय चालायचं हे सोलापूरकरांना सांगायला नको. तारेचं कुंपण, हजेरी, परवानगी घेऊन गिरणीत कामाला जाणं, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनीही ऐकलेलं असतं. त्यामागचा गुन्हेगार जमाती कायदा मात्र विसरला गेलाय. 1871 साली इंग्रजांनी तो केला, तेव्हा असा युक्तिवाद झाला की इथं सुताराचा मुलगा सुतारच होतो, तर काही जमातींत जन्मलेला माणूस गुन्हेगारच होणार. कुणी काय केलं हे बघायची गरजच उरली नाही, कुठं जन्मला एवढं पुरलं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंद ठेवायची तरतूद होती. बाईच्या वेशात रस्त्यावर दिसले, नाचले, की अटक. म्हणजे रक्तावरून आणि लुगड्यावरून माणूस ओळखायचं काम सरकारनं एकाच कागदावर केलं. 1911 च्या नव्या कायद्यानं ते आणखी आवळलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांच्या नजरेला पुन्हा आधार मिळाला. असे कायदे रद्द करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं 2007 मध्ये भारताला सांगितलं. आपण म्हणतो, वंशभेद गोऱ्यांच्या देशात.

आम्ही कैकाडी, त्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. आजी तुरीच्या काड्यांच्या पाट्या विणायची आणि बाजारात विकायला बसायची. पाटी विकत घेणारी बाई पैसे देताना दुसरा हात गळ्यावर ठेवायची. आमच्या पुरुषांकडे बघून लोकांना घराचं कुलूप आठवतं, आमच्या बायकांकडे बघून मंगळसूत्र. याच शहरात विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांचं केवढं कौतुक होतं, किती चपळ हात म्हणून! आमच्या बायकांचे हात चपळ म्हटले की त्याचा अर्थ वेगळा. आणि विडीवालीलाही त्या कौतुकापोटी हजारी विड्यांच्या हिशोबाची मजुरीच मिळते. 'बायकांच्या बोटांचं काम' म्हटलं की ते घरी बसून स्वस्तात करायचं, हेही ठरलेलंच.

आता जे सांगते ते मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितलंय. अक्कलकोट रोडच्या एका कार्यालयात लग्न होतं, माझ्या सहकारी शिक्षिकेच्या मुलीचं. तेव्हा मीही तुमच्यासारखंच म्हणायचे. कुणी विचारलं तर "स्टेशनच्या बाजूला राहते" एवढंच सांगायचे. नवरीच्या खोलीत आम्ही सात-आठ बायका होतो. हळद आटोपून साड्या बदलणं चाललेलं. नवरीच्या मावशीचं गंठण दिसेना. गाद्या झटकल्या, साड्या झटकल्या, मी स्वतः पलंगाखाली वाकून बघत होते. तिथं माझ्या आईला ओळखणारी एकजण होती. ती मावशीच्या कानाशी लागली. मला ऐकू आलं नाही, पण सांगितलेलं खोलीत कसं पसरत गेलं ते दिसलं. एकीनं पर्स उचलून मांडीवर घेतली. दुसरीनं झोपलेल्या बाळाच्या बिंदल्या हळूच काढून ब्लाऊजमध्ये ठेवल्या. एक दाराशी जाऊन उभी राहिली. मावशी म्हणाली, "सगळ्यांच्याच पिशव्या बघू या, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको." बोलताना बघत होती माझ्याकडे.

तिनं हात पुढे करायच्या आत मी माझी पिशवी पलंगावर पालथी केली. तपासायचे पेपर, चष्म्याचं घर, डोकेदुखीच्या गोळ्या. मग मी पदर सोडून झटकला आणि निऱ्या हातात धरून उभी राहिले. हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. आजी सांगायची, हजेरीला बायका आधीच पदर झटकून दाखवायच्या, म्हणजे अंगाला कुणाचा हात लागत नाही. मी डी.एड. झालेली, मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी बाई, आणि माझ्या अंगाला ते आपोआप आठवलं. आजीनं मला पाट्या विणायला शिकवलं नाही. हे कधी शिकवलं?

नवरीचा मामा त्या खोलीत येऊन गेला होता, फोटोग्राफरचा पोरगा येऊन गेला होता. त्यांचे खिसे बघावेत असं कुणाच्या मनात आलं नाही. चोरी पुरुषाची असली तर ती रात्रीची, दार फोडून. नवरीच्या खोलीतली चोरी बाईचीच, आणि बायकांत माझीच.

गंठण मावशीच्याच बॅगेत निघालं, हळदीच्या साडीच्या घडीत. सगळ्या हसल्या. मावशीनं माझा हात धरला, "मनाला लावून घेऊ नकोस गं, तुला कुणी काही म्हटलंय का?" खरंच कुणी म्हटलं नव्हतं. पंगतीत मला आग्रहानं जिलेबी वाढली आणि मी ती खाल्ली.

तेव्हापासून मी पत्ता पूर्ण सांगते. कानाशी लागून सांगण्यासारखं काही माझ्यापाशी उरू नये, एवढंच माझं कारण आहे. मी चळवळीतली नाही, मोर्चाला गेले नाही, 31 ऑगस्टला, तो कायदा गेल्याच्या आठवणीत होणाऱ्या विमुक्त दिनाला, भाषण केलं नाही. तरी हा अभिमान आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पण तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते आणि तिचं म्हणणं सोपं नाही. ती म्हणते, आधीच सांगितलं असतं तर त्या खोलीत तुला बोलावलंच नसतं. ती म्हणते, तुझी नोकरी पक्की आहे म्हणून तुला हे परवडतं, घरकाम मागायला जाणारी आपली बाई खरा पत्ता सांगेल तर तिला काम कोण देईल? त्या बाईला मी कधीही "खरा पत्ता सांग" म्हणणार नाही. एवढ्यावर मी अडते.

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावलीतले जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले, आणि विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्यांना, जन्मावरून सराईत समजायचं नाही असंही सांगितलं. बातमी वाचून मला खूप बरं वाटलं. स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. एक सर म्हणाले, "चांगलं झालं. पण मॅडम, अनुभव पण असतात ना लोकांचे." अनुभव कुणाचे धरायचे, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी विषय बदलला.

मुलगी पुण्यात शिकते. खोली घेताना तिनं घरमालकाला नुसतं "सोलापूर" सांगितलं. मला फोनवर म्हणाली, "आई, तू लगेच काही बोलू नकोस." मी बोलले नाही. खोली चांगली आहे, उजेडाची, आणि शेजारची काकू तिच्याकडे किल्ली ठेवून जाते. किल्लीचं तिनं मला दोनदा सांगितलं. पत्ता कळल्यावरही ती काकू किल्ली ठेवेल का, हे तिला माहीत नाही आणि मलाही नाही. तिनं विचारून बघावं असं मला वाटतं. तिला वाटत नाही. दिवाळीला आली की यावर आमचं भांडण होणार आहे.