आमची वाटचाल : अपडेट, रीस्टार्ट आणि माणसांच्या वेळा

आमची फर्म कोल्हापुरात २००९ साली सुरू झाली. राजारामपुरीत भाड्याचा गाळा, मी आणि माझा पॉलिटेक्निकचा मित्र. असेंबल केलेले संगणक विकायचे, वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घ्यायची, फोन आला की गाडी काढून जायचं. आज आम्ही नवे संगणक जवळजवळ विकतच नाही. पतसंस्था, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, साखर कारखाने, काही महाविद्यालयं यांच्या संगणकांवरची सॉफ्टवेअर एका जागेवरून सांभाळणं, वेळच्या वेळी अपडेट करणं, नवं बसवणं, नको ते काढणं हाच आमचा धंदा झाला आहे. जिल्ह्याच्या गावी बसून हे काम उत्तम करता येतं आणि त्यावर घर चालतं. नवी मुलं याबद्दल विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीची वर्षं पेन ड्राइव्हवर गेली. एका ब्रॉडबँड लाइनवर वीस-पंचवीस संगणक, आणि तेच विंडोजचं अपडेट प्रत्येक जण स्वतंत्र उतरवून घेणार. लाइन भरून जायची, भर दुपारी बँकेचं पान उघडायचं नाही. मग अकाउंट विभाग अपडेटच बंद करून टाकायचा. आम्ही ऑफिसात सगळं एका डिस्कवर उतरवून घ्यायचो आणि एकेका टेबलावर जाऊन बसवायचो. पुढे एका फाउंड्रीच्या मालकांनी विंडोज सर्व्हर घेतला आणि आम्ही त्यावर डब्ल्यूएसयूएस, म्हणजे ऑफिसातच अपडेट वाटायची मायक्रोसॉफ्टची सोय, सुरू केलं. त्यासाठी सर्व्हरच्या परवान्यापलीकडे वेगळे पैसे लागत नाहीत. अपडेट एकदाच सर्व्हरवर उतरतं, बाकीचे संगणक ते ऑफिसच्या नेटवर्कवरून घेतात, आणि कोणत्या गटाला काय कधी द्यायचं ते आपण ठरवतो.

लाइन मोकळी झाली म्हणून मालक खूश होते. मला मात्र त्याहून मोलाची वाटली ती यादी. कोणत्या संगणकावर काय आहे, हे त्या संस्थेत पहिल्यांदाच एका पडद्यावर दिसत होतं. तिथून पुढे प्रत्येक नव्या ग्राहकाकडे आम्ही यादीपासूनच सुरुवात केली. यादी होईपर्यंत कशालाही हात लावत नाही. एका महाविद्यालयात जावाच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात, कुठे पीडीएफ वाचायचं सहा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर, कुठे सोडून गेलेल्या मुलाने घातलेलं दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर अजून चालू. दाबून लहान केलेल्या फाइली उघडणारं विनरार तर जिथे तिथे. ते स्वतःहून अपडेट होत नाही, आणि २०१९ च्या सुरुवातीला त्यातली एक जुनी, एकोणीस वर्षं पडून राहिलेली त्रुटी उघड झाली. ज्याच्याकडे यादी होती त्याला ती दुरुस्ती एका सकाळचं काम होतं.

डब्ल्यूएसयूएस मायक्रोसॉफ्टपुरतंच बघतं. ब्राउझर, टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी टायपिंग हे सगळं त्याच्या बाहेर. त्यासाठी आम्ही आधी बॅच फाइली (आज्ञांच्या छोट्या याद्या) लिहिल्या, मग ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या मध्यवर्ती नियमांतून एमएसआय, म्हणजे इन्स्टॉलच्या तयार फाइली, पाठवू लागलो, नंतर तयार साधनं घेतली. इन्स्टॉल शांतपणे, एकही खिडकी न उघडता झालं पाहिजे आणि शेवटी एक कोड परत आला पाहिजे. शून्य म्हणजे काम झालं. १६०३ म्हणजे फसलं, जाऊन बघा. आणि ३०१० म्हणजे काम झालं आहे, पण रीस्टार्ट बाकी आहे. या तिसऱ्या आकड्याने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं, कारण रीस्टार्ट कधी द्यायचा हे संगणकाला विचारून कळत नाही.

परदेशी मार्गदर्शिकांत सरळ लिहिलेलं असतं की रात्री दोनला अपडेट द्या. आपल्याकडे संध्याकाळी ऑफिस बंद करताना शिपाईमामा मेन स्विच पाडून जातात. ती चांगली शिस्त आहे, शॉर्टसर्किटच्या भीतीने लागलेली. वीजच नाही म्हटल्यावर रात्री दोनला कोण जागं करणार? त्याहून वाईट म्हणजे, एखादा संगणक बंद होता होता अपडेट बसवत असतो, मामांना शेवटची एसटी गाठायची असते, आणि मधेच स्विच पडतो. आम्ही वेळापत्रक उलटं केलं. उतरवून घेणं जेवणाच्या सुट्टीत, बसवणं दुपारी कामाच्या मागे, आणि रीस्टार्ट कुलूप लागायच्या तासभर आधी, विभागवार. ज्या दिवशी अपडेट असेल त्या दिवशी स्विचबोर्डावर मोठ्या अक्षरांत कागद लागतो : ‘सर्व स्क्रीन बंद झाल्याशिवाय मेन स्विच बंद करू नये.’ आमच्या प्रत्येक करारात संस्थेच्या सेक्रेटरींच्या जोडीला मामांचाही नंबर घेतलेला असतो. फाउंड्र्यांचं सोपं आहे, सोमवारच्या सुट्टीत सर्व्हरपासून सगळं करता येतं.

साखर कारखान्याचं गणित आणखी वेगळं. गाळप हंगाम सुरू झाला की काट्यावरचा संगणक रात्रंदिवस चालतो. भरलेली गाडी एकदा काट्यावर येते, रिकामी झाली की पुन्हा येते, तेव्हा उसाचं वजन ठरून पावती निघते. तो संगणक वीस मिनिटं अडकला तर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग यार्डाबाहेर रस्त्यावर येते, आणि रांगेतल्या शेतकऱ्याच्या उसाचं वजन उन्हात घटत असतं. त्यामुळे काट्याचे संगणक आमच्याकडे स्वतंत्र गटात आहेत. हंगामात त्यांना फक्त सुरक्षेची अपडेट्स, तीही एका काट्याला एका वेळी, शेजारचा काटा चालू आहे याची खात्री करून, यार्ड सुपरवायझरांशी फोनवर बोलून. आवृत्ती बदलायची ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. एका कारखान्याच्या काटाबाबूंनी मला तासभर शेजारी बसवून रांग कधी वाढते, कधी ओसरते ते दाखवलं होतं. आमचं त्या कारखान्याचं वेळापत्रक अजून त्यांच्याच सांगण्यावर चालतं.

पतसंस्थांना मार्च महत्त्वाचा. वीस मार्चनंतर आम्ही काहीही पाठवत नाही, आणि मार्चचं विंडोज अपडेट अधिक दिवस रोखून धरतो. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री साडेदहा किंवा साडेअकराला, ऋतूप्रमाणे. बुधवारी ती आमच्या स्वतःच्या संगणकांवर जातात, मग प्रत्येक संस्थेतल्या निवडक दोन-तीन संगणकांवर, आणि पुढच्या आठवड्यात सगळीकडे. २०२१ साली ९ मार्चला आलेल्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की निळा पडदा येऊन संगणक बंद पडू लागला. १५ मार्चला त्याची दुरुस्ती आली. ठेव पावत्या आणि व्हाउचरची छपाई जोरात असण्याचेच ते दिवस. आमच्या पतसंस्थांपर्यंत ते अपडेट दुरुस्तीसकटच पोचलं.

थांबायचं, पण किती थांबायचं याचं भान २०१७ ने दिलं. विंडोजमधली एक गंभीर त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं होतं. १२ मे ला शुक्रवारी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत कामं ठप्प झाली. औषध बाजारात येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांचे फोन आम्हाला शनिवार-रविवार येत राहिले, आणि त्या दोन दिवसांत आमच्या ग्राहकांची यादी बरीच वाढली. लगेच पुढच्या महिन्यात, २७ जूनला नोटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, आणि त्याची चाल वेगळी होती. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो शिरला. मर्स्क ही जहाज कंपनी सापडली, तिच्यामुळे जेएनपीटी या मुंबईजवळच्या बंदरातलं एक टर्मिनल अडकलं, आणि इथल्या निर्यातदार फाउंड्र्यांत त्या दिवसांत कंटेनरचीच चर्चा होती. एका महिन्यात अपडेट न घेतल्याने नुकसान, दुसऱ्या महिन्यात अपडेटनेच नुकसान. तेव्हापासून आमचा नियम ठरला की सुरक्षेचं अपडेट पंधरा दिवसांपेक्षा जास्त रोखायचं नाही, आणि कुठलंही अपडेट सगळ्यांना एकदम द्यायचं नाही. मार्चसारखा अपवाद असेल तर तो संस्थेला लेखी कळवायचा. त्यात १ जुलैला जीएसटी लागू झाला. सगळ्यांना टॅलीची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात हवी होती, आणि ती पाठवताना आधी तयार केलेली गटवारी कामाला आली.

सगळंच अद्ययावत करता येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. फाउंड्रीत धातूची रसायनं तपासणारा स्पेक्ट्रोमीटर असतो. यंत्र वीस वर्षं चालतं, त्याचं सॉफ्टवेअर मात्र कधी कधी विंडोज एक्सपीवरच चालतं, आणि एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नियमित अपडेट्स मिळणं, ८ एप्रिल २०१४ ला संपला. यंत्र बदलायचा खर्च मोठा, आणि यंत्र उत्तम चालू आहे. असा संगणक आम्ही वेगळ्या नेटवर्कवर ठेवतो, इंटरनेट तोडतो, पेन ड्राइव्ह बंद करतो आणि तपासणीचे आकडे ठरलेल्या एकाच वाटेने बाहेर काढतो. मालकांना हा निर्णय कागदावर देतो, पुढच्या वर्षी पुन्हा बघतो.

मराठीचा विषय आमच्या जिव्हाळ्याचा आहे. पतसंस्थांची जुनी पत्रं, ठराव, सभेचे वृत्तांत श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत असतात. संगणक नवा झाला आणि फॉन्ट गेला की ठरावाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून फॉन्ट आणि कीबोर्डची मांडणी हा आमच्या प्रत्येक इन्स्टॉलचा भाग आहे, ब्राउझरइतकाच आवश्यक. नवं लेखन कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये करा असा आमचा आग्रह असतो. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून उच्चारानुसार मराठी टाइप करायचा कीबोर्ड विंडोजमध्येच आला, त्यामुळे ज्यांना इन्स्क्रिप्ट ही सरकारी कीबोर्ड मांडणी जमत नव्हती तेही वळले.

टाळेबंदीत लॅपटॉप घरोघरी गेले आणि ऑफिसातला सर्व्हर त्यांना दिसेनासा झाला. तेव्हा क्लाउडवरून, म्हणजे थेट इंटरनेटवरून, व्यवस्थापन सुरू करावं लागलं. ते बरंच झालं, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं की डब्ल्यूएसयूएसमध्ये आता नवं काही येणार नाही. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलने जगभरात अंदाजे ८५ लाख विंडोज संगणक पाडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आमच्या ग्राहकांकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं. तरीही त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक लॅपटॉपची बिटलॉकर की, म्हणजे डिस्कचं कुलूप उघडणारा क्रमांक, मध्यवर्ती जागी नोंदलेली आहे का ते तपासलं, कारण अडकलेला संगणक उघडताना अनेक ठिकाणी तीच सापडत नव्हती.

पैशांबद्दल. आम्ही दर संगणकामागे महिन्याला ठरावीक रक्कम घेतो. पूर्वी फोन केला, माणूस आला, बिल झालं, असं होतं. आता काही बिघडत नाही, माणूस दिसत नाही, आणि संचालक मंडळात प्रश्न येतो की हे पैसे कशाचे. म्हणून दर महिन्याला एक पानाचा मराठी अहवाल जातो : किती संगणक, किती पूर्ण, किती बाकी, बाकीचे कोणत्या विभागातले आणि का. एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी तो सभेत वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि मागे राहिलेले विभाग आपण होऊन फोन करू लागले.

सध्या सगळ्यात मोठं काम विंडोज १० चं आहे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि आमच्याकडच्या पतसंस्थांत त्यात न बसणारे, तरी धडधाकट असलेले संगणक पुष्कळ आहेत. आडमार्गाने ११ घालून देणारे भेटतात, आम्ही ते करत नाही. जिथे फक्त ब्राउझरवर काम आहे तिथे लिनक्स देतो. जिथे विंडोज हवंच तिथे मुदतवाढीचं सशुल्क अपडेट घेतो. पण त्याचा दर संस्थांसाठी दरवर्षी दुप्पट होत जातो आणि जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतं, म्हणून कोणता संगणक कोणत्या वर्षी बदलायचा याचा तक्ता अंदाजपत्रकाआधीच मंडळाला देतो. जोडीला सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना संगणकातलं सॉफ्टवेअर खरं आहे का ते तपासणाऱ्या सोयीची, २०११ ची प्रमाणपत्रं आहेत, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते. त्यासाठी काही मदरबोर्डांचं बायोस, म्हणजे बोर्डातलंच मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं, आणि ते चालू असताना वीज जाऊन चालत नाही. म्हणून आमची दोन मुलं सध्या प्रत्येक संस्थेतल्या यूपीएसच्या बॅटऱ्या तपासत फिरत आहेत.