शेरानं केलं, साहेब

मी जमिनी मोजतो. सरकारी मोजणी नव्हे, खाजगी. टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरचं दुर्बिणीचं मोजणीयंत्र, लावून शेताचे चढउतार काढायचे, कंटूर नकाशा (सारख्या उंचीच्या रेषांचा) करायचा, शेततळं कुठं बसेल ते सांगायचं. या धंद्यात अर्धा दिवस मोजण्यात जातो आणि अर्धा समोरचं दिसावं म्हणून झाडोरा बाजूला करण्यात. मध्ये करवंदाची एक फांदी आडवी आली तरी रीडिंग मिळत नाही. लोक म्हणतात, मग जीपीएसनं घ्या की. दाट झाडीखाली त्याला फिक्स, म्हणजे नेमकी जागा, मिळत नाही; अर्धा तास पोल धरून उभं राहायचं आणि हात हलवत परत यायचं. म्हणून आमच्या डिकीत ट्रायपॉडशेजारी गोणपाटात गुंडाळलेली पाती कायम पडलेली असतात.

त्या दिवशी तीन होती. एक साधा विळा. दुसरा कोयता, रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या लोहाराकडून समोर उभा राहून करून घेतलेला. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा त्यानं भट्टीत लाल केला, चिमट्यानं ऐरणीवर धरला आणि त्याच्या बायकोनं घण घातला. शेवटी पाणी देताना त्यानं फक्त धारेची बाजू बुडवली, पाठ बाहेरच ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, सगळा बुडवला तर सगळाच कडक होईल, मग एक दिवस टणकन तुटेल. पाठीकडे बोटभर नाही, पण चांगला पाच-सहा मिलिमीटर जाड, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक.

तिसरी नवी कोरी मशेटी. ऑनलाइन मागवलेली, १८ इंचांचं सरळ पातं, जाडी जेमतेम २ मिलिमीटर. दक्षिण अमेरिकेत उसापासून जंगलापर्यंत जे वापरतात ते हेच. हातात घेतली की उगाच मनगट फिरवावंसं वाटतं. माझ्या स्टाफमनला, म्हणजे मोजायच्या बिंदूवर प्रिझमचा पोल धरणाऱ्या पोराला, तर ती इतकी आवडली की नाशिकहून निघाल्यापासून मांडीवर घेऊन बसला होता. (म्यान होतं. नसतं तर मी त्याला मागे बसवला असता.)

दिवाळीनंतरचा आठवडा. त्र्यंबकच्या पुढे, हरसूलकडे जाताना, एका शेतकऱ्याची चौदा एकर उताराची जमीन. वरच्या अंगाला वनखात्याच्या हद्दीचे दगड. त्या दगडांपलीकडे आमचं पातं म्यानातून निघत नाही, हा माझा नियम आहे. तिकडचा बिंदू लांबून घेतो नाहीतर सोडतो. मालकानं वाट दाखवायला गावातले एक मामा दिले होते. साठीच्या पुढचे, कमरेला लाकडाची आकडी, आकडीत कोयता. त्यांनी आमचं गोणपाट उघडून तिन्ही पाती बघितली, मशेटीला अंगठ्यानं वाकवून पाहिलं आणि काही न बोलता ठेवून दिली.

सकाळ मात्र मशेटीचीच होती. माळावर छातीइतकं वाळलेलं गवत. त्यात कोयता कामाचा नाही; चोच गवतात गुंतते आणि दर वाराला कमरेत वाकावं लागतं. लांब, हलकं पातं जमिनीला समांतर फिरवलं की गवत आपोआप आडवं होत जातं. जोर लावायचा नाही, पात्याच्या वेगानंच कापलं जातं. ऊसतोडीचा कोयतासुद्धा याच कारणानं पातळ आणि हलका असतो: दिवसभरात हजारो वेळा उचलायचा तर वजन कुणाला परवडेल? निफाडकडे टोळ्या येतात तेव्हा नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, इतकं ते हत्यार आणि माणूस एक झालेलं असतं.

मग घाणेरी लागली. घाणेरी म्हणजे एक खोड नव्हे, शंभर लवचीक काटेरी काठ्यांचा गुंता. मशेटी मारली की काठी वाकते, पातं निसटतं आणि काठी परत येऊन तुमच्याच तोंडावर बसते. इथं मामा पुढे आले. त्यांनी कोयत्याच्या चोचीनं काठी अडकवून स्वतःकडे ओढली, ताणली आणि बुंध्याशी खाली एकच खेच दिली. आतल्या बाजूला वळलेल्या धारेतून काठी निसटू शकत नाही, एवढाच त्यातला हिशोब. शिवाय चोच पुढे असल्यामुळे खालच्या दगडाला धार लागत नाही. आमच्याकडे माती कमी आणि दगड जास्त, त्यामुळे सरळ पात्याचं टोक पहिल्या तासातच बोथट होतं.

ओहोळात बांबूचं बेट होतं. स्टाफमनला अजून हौस होती. त्यानं वाळलेल्या बांबूवर मशेटी आडवी घातली आणि ती टण्णकन परत आली. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या असणार, कारण तो हात झटकत बसला. पात्यावर तांदळाच्या कणीएवढी खाच पडली होती. बांबूत वाळूसारखा कठीण अंश असतो, तो चांगल्या धारेचाही निकाल लावतो. इथं जाड पाठीचं, पुढं वजन असलेलं पातंच हवं, आणि घाव तिरका, पेरापासून थोडा वर. मामांनी अजून एक दाखवलं. वाकून दबलेला बांबू कापायच्या आधी त्यांनी त्याच्या बाहेरच्या बाजूनं उभं राहायला आम्हाला मनाई केली. “त्यो ताणलाय. सुटला का दात पाडील.” सुटला तेव्हा खरंच चाबकासारखा गेला.

इथवर सगळं ठीक होतं. दुपारी दोनच्या सुमारास शेवटचे पाच बिंदू राहिले, खालच्या बांधापलीकडे. बांधावर शेराचं कुंपण. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या, पेन्सिलीएवढ्या गुळगुळीत कांड्या. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून जुने लोक बांधावर लावतात. ते दोन माणसं उंच वाढलं होतं आणि माझ्या नजरेच्या रेषेत बरोबर आडवं. मामा जेवायला घरी गेले होते. मी टोटल स्टेशनच्या दुर्बिणीतून बघत वॉकीटॉकीवर म्हणालो, “वरचा फूटभर उडव, दिसेल मला.”

हे वाक्य माझं आहे. स्टाफमनचं नाही.

कोवळ्या कांड्या, हलकं लांब पातं, डोक्याच्या उंचीवरचा घाव. कापायला लोण्यासारखं. दुर्बिणीत मला पहिला वार दिसला, दुसरा दिसला, आणि मग एकदम प्रिझमचा पोल आडवा झाला. मी धावत खाली गेलो तोवर तो दोन्ही हातांनी उजवा डोळा दाबून बसला होता. शर्टावर, कपाळावर, पात्यावर सगळीकडे पांढरे थेंब, पातळ दुधासारखे. शेराचा चीक. कांडी कापली की तो नुसता ओघळत नाही, वेगानं मारलेल्या पात्याबरोबर उडतो. जितकं पातं वेगवान, तितका लांब.

गाडीत पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार होता. त्याला आडवं पाडलं, पापण्या बोटांनी उघडून धरल्या आणि तांब्यानं धार धरली ती जार संपेपर्यंत. तो ओरडत होता, डोळा मिटायला बघत होता. माझ्या बोटांनाही चीक लागला होता हे मला उशिरा कळलं; हात धुतले आणि परत सुरू केलं. तेवढ्यात मामा आले. त्यांनी एक नजर कुंपणाकडे टाकली, एक मशेटीकडे.

“साहेब, शेराला तलवार मारत नसतात. तो थुकतो.”

“मग काय करायचं, मामा?”

“काय नाय करायचं. करायचंच झालं तर इळा घ्यायचा, खाली वाकून, तोंड फिरवून, हळू ओढायचा. पण कापायचा कशाला? कोणाला नडतोय?”

शेजारच्या वस्तीवरच्या एका आजीनं बाळंतिणीचं दूध डोळ्यात घालायला सांगितलं. हा उपाय आमच्या आजीकडूनही मी ऐकलेला आहे. मी हात जोडले आणि गाडी काढली. जवळच्या दवाखान्यात त्यांनी सलाईनच्या बाटलीनं पुन्हा डोळा धुतला, थेंब टाकले, कापसाची पट्टी चिकटवली आणि बजावलं: आजच्या आज नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, कारण हे दुखणं रात्री वाढतं.

अंजनेरी मागे पडली, अंधार व्हायला लागला. सातपूरच्या अलीकडे नाकाबंदी.

आता चित्र बघा. चालकाच्या शर्टावर चिकाचे वाळलेले डाग. शेजारी एका डोळ्याला पट्टी बांधलेला, विव्हळणारा पोरगा. तरुण शिपायानं डिकी उघडायला लावली, गोणपाट उलगडलं. बॅटरीच्या उजेडात कोयता, विळा आणि ती लांबलचक मशेटी.

“कुठं हाणामारी केली?”

मी वर्कऑर्डर शोधायला लागलो. तेवढ्यात स्टाफमन आतून कळवळून म्हणाला, “शेरानं केलं, साहेब.”

“कोण शेर? आडनाव काय त्याचं? कुठल्या एरियातला?”

मी हसलो असतो तर रात्र तिथंच गेली असती. मागच्या खुर्चीवर बसलेले हवालदार उठून आले, पट्टीकडे पाहिलं, मशेटीवरचा चिकट पांढरा थर नखानं खरवडायला गेले आणि पटकन हात मागे घेतला. “अरे, कुंपणाचा शेर. बांधावरचा. आमच्या बैलाचा डोळा गेलता त्यानं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “जा लवकर. आणि ही हत्यारं कामाच्या कागदासकट ठेवत जा.” बरोबरच होतं. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं कायद्यानं शस्त्र ठरू शकतं. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेल्याला सूट आहे, पण रात्री आठ वाजता रस्त्यावर तो उद्देश सिद्ध करायला कागद लागतो. तेव्हापासून वर्कऑर्डरची प्रत गोणपाटातच गुंडाळलेली असते.

डॉक्टरांनी नारिंगी थेंब टाकून निळ्या उजेडात डोळा पाहिला. बुबुळाच्या वरच्या पडद्याला खरचटलं होतं, आतून सूज होती. लगेच धुतला म्हणून निभावलं, म्हणाले. रात्री खरंच वाढलं; त्याच्या आईचा फोन मला दोनदा आला आणि दोन्ही वेळा मला काय बोलावं ते कळलं नाही. आठवड्यानं त्याला पुन्हा नीट दिसायला लागलं. ते दिवस मी त्याला भरपगारी सुट्टी दिली, आणि एकटाच प्रिझम आणि टोटल स्टेशन यांच्यामध्ये पळण्यात फार काही होत नाही, म्हणून काम थांबलं.

दहाव्या दिवशी आम्ही परत गेलो. स्टाफमन उन्हाचा मोठा काळा गॉगल लावून आला होता. मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सिनेमाला निघालास काय रं?”

मी टोटल स्टेशन उचललं, शेजारच्या बांधावर सात मीटर सरकवून लावलं आणि राहिलेले पाचही बिंदू वीस मिनिटांत घेतले. शेराची एक कांडी मध्ये येत नव्हती.