पसरणी चढताना आणि आंबेनळी उतरताना

वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलं की इलेक्ट्रिक गाडीच्या नव्या मालकाचा जीव टांगणीला लागतो. पाचगणीपर्यंत जेमतेम १२-१३ किलोमीटर, आणि तेवढ्यात स्क्रीनवरचे बॅटरीचे नऊ-दहा टक्के उडतात. पुढे दिसणारी रेंज तर त्याहून वेगाने कोसळते, कारण गाडी मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधते. पुढेही असाच चढ आहे, असं ती धरून चालते.

हिशोब मांडला की भीती जाते. गाडी, चार माणसं आणि बॅगा मिळून १८०० किलो धरा. वाईपासून पाचगणी साधारण पावणेसहाशे मीटर उंच. एवढं वजन तेवढं वर उचलायला सुमारे २.८ युनिट लागतात, मोटर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून ३.२. रस्त्याचा नेहमीचा खर्च वरून एक युनिट. ४५ युनिटच्या बॅटरीतून सव्वाचार गेले म्हणजे साडेनऊ टक्के. (युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच युनिट, किलोवॉट-तास.) पण वर गेलेलं वजन खाली येणारच आहे. उतरताना मोटर उलटी जनरेटर होते आणि महाबळेश्वर ते वाई या ३२ किलोमीटरमध्ये टक्का बहुधा जागचा हलत नाही, कधी एखादा वाढतोही. थोडक्यात, घाट उसने घेतो आणि बरेचसे परत करतो.

परत न मिळणारी वीज हायवेवर जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो. साधारण कॉम्पॅक्ट एसयूव्हीला ८० च्या वेगाने किलोमीटरला १३० वॉट-तास लागत असतील, तर १०० ला १७० च्या आसपास लागतात. पुणे ते सुरूर फाटा (जिथे वाईसाठी हायवे सोडतात) ८० किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन सहा युनिट नुसत्या घाईचे. घाटाचा निव्वळ तोटा, म्हणजे चढताना गेलेले वजा उतरताना आलेले, दोन-अडीच युनिटच्या पुढे जात नाही. पुणे-महाबळेश्वर-पुणे या २४० किलोमीटरला ८० च्या चालीने ३३-३४ युनिट लागतात आणि बॅटरीत पाव भाग उरतो. तेच शंभरने गेलात तर १०-१२ टक्क्यांवर घरी पोहोचाल, तेही वाटेत कुठे अडकला नाहीत तर. शिव्या मात्र घाटाला.

ब्रोशरमधल्या आकड्याचं गुपितही इथेच आहे. टाटाच्या इलेक्ट्रिक नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या मॉडेलला ४८९ किलोमीटरचा आकडा आहे, म्हणजे किलोमीटरला ९२ वॉट-तास. ज्या चाचणीतून हा आकडा येतो, ती रोलरवर होते. त्यात वेग ९० च्या वर जात नाही, बराच वेळ शहरी चाल असते आणि एसी बंद असतो. गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक आहे, प्रवास आखायला नाही. बॅटरीच्या युनिटला साडेसहाने गुणा, हायवेच्या प्रवासाला तो आकडा पुरेसा खरा निघतो.

आता उतार. इथे लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे जुन्या सवयीने गाडी न्यूट्रलला टाकणं. इलेक्ट्रिक गाडी न्यूट्रलला गेली की रिजन, म्हणजे मोटरने जनरेटर होऊन वीज परत भरणं, पूर्ण बंद. वीजही जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दुसरी चूक शहाण्या माणसांकडून होते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जर लावून सकाळी शंभर टक्के करायचे आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं. ४० किलोमीटरमध्ये साधारण १३०० मीटरचा उतार. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घुसवता येत नाही, म्हणून गाडी रिजन कमी करते किंवा बंदच ठेवते. नेहमी पायाखाली असलेला तो आवरता ओढा नेमका पहिल्या उभ्या वळणांवर नसतो. डिस्क तापतात, पॅडचा वास येतो, ब्रेक मऊ लागतात. या उतारावर तीनेक युनिट परत येतात, म्हणजे ४५ च्या बॅटरीत सहा-सात टक्के. तेव्हा वरून निघताना ९० टक्केच ठेवा. चार्जिंगची वरची मर्यादा ॲपमधून लावता येत असेल तर आदल्या रात्रीच लावून झोपा.

स्ट्राँग हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाडीची, गोष्ट वेगळी. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराची बॅटरी पाऊण युनिटची, नेमकं सांगायचं तर ०.७६. त्यातलाही निम्मा भागच वापरात फिरतो. आंबेनळीच्या पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्ये ती भरते आणि पुढचा सगळा उतार तिच्या दृष्टीने वाया. मग गिअरचा दांडा 'बी' वर टाका. गाडी मोटरने इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न घालता, आणि त्या ओढ्यावर वेग धरून ठेवते. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन एकदम घोंघावायला लागतं. पुष्कळ मालक हाच आवाज ऐकून सर्व्हिस सेंटर गाठतात. बिघाड काही नसतो.

चढावर उलट होतं. बॅटरीतला वापरता येणारा भाग पहिल्या काही वळणांतच संपतो आणि मग दीड लिटरचं तीन सिलिंडरचं, ९२ पीएसचं इंजिन एकट्याने ओढतं. भरल्या गाडीत ओव्हरटेक करताना हे लक्षात ठेवा. इंजिन आणि मोटर मिळून ११६ पीएसचा जो आकडा लिहिलेला असतो, तो बॅटरीत जीव असेपर्यंतचा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हीच गाडी २४-२५ चं ॲव्हरेज आरामात देते, कारण तिथे दर मिनिटाला ब्रेक लागतो आणि दर ब्रेकला थोडी बॅटरी भरते. हायवेवर सलग शंभरला ब्रेकच लागत नाही, त्यामुळे फायदाही आटतो. हायब्रिड घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. बॅटरी हवेने थंड होत असेल, तर मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिच्यावर बॅगा रचू नका आणि तिचा फिल्टर धूळ-केसांनी भरू देऊ नका. तो तुंबला की पंखा ओरडतो, मग बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच मोटरचा जोर कमी करते.

घरच्या चार्जिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरी गडबड तिथेच होते. गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअर खेचतो आणि तेही सलग नऊ-दहा तास. घरात एवढा वेळ एवढा करंट घेणारं दुसरं काहीच नाही. गीझर पंधरा मिनिटांत कट होतो. म्हणून गीझरला दहा वर्षं टिकलेलं सॉकेट चार्जरला दोन महिन्यांत पिवळं पडतं, मग वितळतं. सैल पकड, तिथे उष्णता, उष्णतेने स्प्रिंग आणखी सैल, असं ते चक्र. चार्जिंग सुरू होऊन तासाभराने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर सॉकेट त्याच दिवशी बदला. निळं इंडस्ट्रियल सॉकेट यासाठी उत्तम. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही.

लाइन मीटरपासून वेगळी ओढायची. १५ अँपिअरला ४ एमएमची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर, २० चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे झिरपली की लाइन तोडणारा). ७.२ किलोवॉटचा चार्जर असेल तर ३२ अँपिअर येतात, मग ६ एमएम वायर आणि ४० चा एमसीबी, अंतर लांब असेल तर १० एमएम. सोसायटीत मीटरची खोली एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या, हे ठरलेलंच. ८० मीटरवर अडीच एमएम वायर टाकली तर १५ अँपिअरला जवळपास १८ व्होल्ट वाटेत पडतात आणि अडीचशेवर वॉट वायरच तापवण्यात जातात. बिल तुमचंच.

आणि अर्थिंग. चार्जरवर लाल दिवा लागला की दहात नऊ वेळा दोष याचाच असतो. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, दहा-पंधरा दिसले तर अर्थिंगचा खड्डा किंवा जोडणी तपासा. काही वायरमन इथे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. लाल दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली तर २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. असा तुकडा दिसला तर आधी तो काढायला लावा, पैसे नंतर द्या.

बिलाच्या स्लॅबचंही बघून ठेवा. महिन्याला १२०० किलोमीटर म्हणजे गळती धरून मीटरवर दोनशेच्या आसपास युनिट. घरचा वापर दोनशे असेल तर बेरीज चारशे होते, म्हणजे महावितरणच्या ३०१ ते ५०० च्या स्लॅबमध्ये तुम्ही पोहोचलात. वाहन चार्जिंगचा दर वेगळा आहे. त्याचं स्वतंत्र मीटर घेणं बहुतेकांना परवडतं, फक्त सोसायटीचं ना-हरकत पत्र आधी हातात ठेवा.

गाडी रस्त्यात बंद पडते ती मात्र मोठ्या बॅटरीमुळे क्वचितच. पुढच्या झाकणाखालची साधी १२ व्होल्टची बॅटरी बसली की कॉन्टॅक्टर (मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच) लागत नाहीत, आणि ८० टक्के चार्ज असलेली गाडी दार उघडायलाही तयार होत नाही. डॅशकॅम कायम चालू ठेवलेला असतो किंवा गाडी तीन आठवडे उभी असते. तिसऱ्या पावसाळ्याआधी ही बॅटरी तपासून घ्या आणि चावीच्या आतल्या धातूच्या किल्लीने दार कुठून उघडतं ते घरीच एकदा करून बघा.